केळीचा वाख आणि रबराचा तळ

वाया जाणारी वस्तू शोधायला मी दुष्काळी मराठवाड्यात गेलो होतो. यातला विनोद मला तिथे पोचेपर्यंत कळला नाही, आणि ज्यांनी मला पाठवलं त्या आमच्या मालकांना तो अजूनही कळलेला नाही.

ठाण्यात आमचा कारखाना आहे. चपलांचे तळ करतो. केरळातून येणारं झाडाचं रबर नुसतंच वापरलं तर तळ लवकर फाटतो, म्हणून त्यात काही ना काही कालवावं लागतं, आणि ते काही ना काही दिवसेंदिवस महाग होत चाललं आहे. मालकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की केळीच्या बुंध्याचा, उसाच्या चिपाडाचा, असा शेतात फेकून दिलेला धागा बारीक कापून रबरात मिसळला तर रबर चिवट होतं. झालं! त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर हात ठेवला, बोटं नांदेडवर आली, अंगठा लातूरवर आला. "इकडे ढिगाने पडलं असेल," म्हणाले. मी आमच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. प्रयोगशाळा म्हणजे मोरीएवढी खोली, आणि तिच्यात दुसरा कर्मचारी नाही. त्यामुळे कोण जाणार यावर फारशी चर्चा झाली नाही.

नांदेड

स्टँडवर वाघमारे घ्यायला आले होते. उद्योग खात्यातले विस्तार अधिकारी. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा बुशशर्ट. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि नव्या जिल्ह्याला पुरतील इतकी माणसं सरकारकडे नव्हती, म्हणून दोन्हीकडचं काम यांच्याच गळ्यात. "दोन जिल्हे, एक माणूस आणि अर्धी जीप," त्यांनी ओळख करून दिली. अर्धी कशी, विचारलं तर म्हणाले, "डिझेल पंधरा तारखेपर्यंतच पुरतं ना."

जीपमध्ये बसल्या बसल्या मी वही काढली आणि टाकाऊ मालाची यादी वाचायला सुरुवात केली. उसाची चिपाडं?

"ती कारखान्याच्या भट्टीत जातात. यंदा ऊसच न्हाई, तर चिपाड कुठलं?"

तुरीच्या तुराट्या?

"चुलीत. उरल्या तर कुडाच्या भिंतीत."

कपाशीच्या पऱ्हाट्या?

"त्याही चुलीत. सायेब, कडब्याचं नाव मात्र काढू नका, लोक मारतील." मग गाडी खड्ड्यातून काढत ते शांतपणे म्हणाले, "वाया जायला आधी कायतरी उरावं लागतं."

मी वही मिटली. यादी ठाण्यात बसून केली होती, पंख्याखाली.

अर्धापूरच्या बाजूला मात्र नशीब उघडलं, म्हणजे माझं. केळीवाल्यांचं बंद झालं होतं. कालव्याला पाणी नाही, बागा उभ्या वाळत होत्या, आणि लोक केळी तोडून बुंधे गुरांना घालत होते. बुंध्यात पाणी असतं, चारा आणि पाणी दोन्हीची सोय. फक्त त्यातले लांब धागे गुरांच्या तोंडात अडकतात, म्हणून बायका आधी बुंध्याची सोपटं, म्हणजे पापुद्रे, खरवडून धागा बाजूला काढत आणि उकिरड्यावर टाकत. सबंध मराठवाड्यात वाया जाणारी एकच वस्तू मला सापडली, आणि ती भुकेल्या गुरांनीही नाकारलेली होती.

धुरपताबाईची गाठ इथेच पडली. चाळिशीची, बुटकी, आवाज खणखणीत. रोजगार हमीच्या कामावर गावातल्या वीस बायकांची टोळी ती चालवायची. तलावाच्या कामावर खडी फोडायची, जाऊन येऊन चार कोसांची पायपीट. वाघमाऱ्यांनी टोळीला लिंबाच्या सावलीत बसवलं आणि मी व्याख्यान दिलं. रबराचे रेणू, वनस्पतींचा तंतू, त्यांची पकड, ओढ कुठल्या दिशेने बसते. तासभर बोललो. हातवारेही केले. बायका माझ्या बुटांकडे बघत होत्या.

मी थांबल्यावर धुरपताबाई शेजारणीला म्हणाली, "म्हंजे काय की, भिताडाच्या चिखलात भुसा कालवतो न्हं, तसं. नुसता चिखल फुटतो."

माझ्या एका तासाचं तिने एका वाक्यात वाटोळं केलं. तेही बरोबर सांगून.

मग मी जरा खाली उतरलो आणि काम कसं हवं ते सांगितलं. धागा नीट खरवडा, सावलीत वाळवा, गुंता राहू देऊ नका. "बाईमाणसाचे केस कसे असतात, स्वच्छ, मोकळे, विंचरलेले? तसा दिसला पाहिजे." ही उपमा मला फार आवडली.

"सासरी जायच्या आदी लेकीचे केस करतो, तसे?" धुरपताबाईने विचारलं.

"अगदी तस्सेच!" मी म्हणालो.

इकडे या धाग्याला वाख म्हणतात. अंबाडीचा वाख, केळीचा वाख. आठ दिवसांत दोन पेंढ्या वाख तयार करायचा, लातूरच्या एका रबरवाल्याकडे विभागाच्या मोठ्या साहेबांसमोर चाचणी घ्यायची, वाख घातलेली रबराची पट्टी ओढून टिकली तर गावात वाख काढायचं केंद्र मंजूर, असं ठरलं. जीपकडे येताना वाघमाऱ्यांनी मला दुसरी बाजू सांगितली. आठ दिवस या बायका खडीवर गेल्या नाहीत तर हजेरीपटावरून नावं कटणार. त्या नावांवर टपून बसलेली चार गावं होती. चाचणी जमली तर गावातच सावलीला काम. नाही जमली तर सावली नाही आणि खडीही नाही.

निघताना धुरपताबाई जीपच्या दाराशी आली. "सायेब, व्हईल न्हं नक्की? वीस घरं हायेत माझ्या शब्दावर."

"शंभर टक्के," मी म्हणालो. हे दोन शब्द मी ठाण्यात कधीच वापरत नाही. तिथे लोक लिहून मागतात.

इस्लापूर, बिलोली

आठ दिवस काढायचे होते. किनवटच्या जंगलाकडे शिंदीचा, बांबूचा धागा मिळतो का बघू, असं सरकारी कारण सांगून मी इस्लापूरला गेलो. खरं कारण सहस्रकुंडाचा धबधबा. ठाण्याच्या माणसाला धबधबा दिसला की भजी खावीशी वाटतात.

धबधब्याच्या जागी काळे खडक होते. खाली डोहात हिरवट पाणी आणि त्यात एक म्हैस. नारळ विकणारा म्हातारा दगडावर बसला होता. "पाणी गेलं कवाच," तो म्हणाला, "पर खडक बघून घ्या. पाणी असलं की खडक दिसत न्हाईत, लोक तसेच वापस जातात." अशा निष्ठेने माल खपवणारा माणूस आमच्या विक्री विभागात एकही नाही. मी नारळ घेतला. आत पाणी होतं, हे विशेष.

बिलोलीकडे एका ओळखीच्या मास्तरांच्या घरी मुक्काम केला, आणि तिथे माझ्या हातून जो प्रकार घडला तो लिहायला लाज वाटते. धुळीने माखून गेलो होतो. दारात तांब्या भरून ठेवला होता. मी तो उचलला, पायांवर ओतला, उरलेल्याची चूळ भरली आणि दुसरा मागितला. घरातली सगळी माणसं दारात येऊन बघू लागली. मास्तरांच्या बायकोने दुसरा तांब्या आणून दिला. ते त्या दिवसाचं प्यायचं पाणी होतं, हे मला रात्री जेवताना कळलं, कारण पानावर माझ्या एकट्याच्याच पुढे भांडं होतं. आमच्याकडे पाहुण्याला "पाणी हवंय का?" असं विचारतात आणि तो नको म्हणेल अशी आशा धरतात. इथे विचारत नाहीत, देऊन टाकतात. कुठली पद्धत बरी हे मी सांगत नाही. मी त्या रात्री तहानलेला झोपलो नाही, एवढंच सांगतो.

जेवण मात्र असं, की आठवलं तरी भूक लागते. टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चटणीला बोटाने खळगा करून त्यात कच्चं करडईचं तेल. तेलाशिवाय चटणी वाढणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं, असं मास्तर म्हणाले. आमच्याकडे तेल चमच्याने मोजतात आणि त्याला आरोग्य म्हणतात.

पुन्हा बायकांच्या गावात

नवव्या दिवशी वाख न्यायला आलो. धुरपताबाईने आधी जेवायला बसवलं. भाकरी आणि चटणी. चटणी कोरडी. मी खळगा करून बसलो, वाट बघितली, तेल आलं नाही. दुष्काळात माणसाचा हात आखडतो, अशी एक शहाणी टिप्पणी मनातल्या मनात केली आणि वाघमाऱ्यांकडे बघून भुवया उडवल्या. वाघमारे खाली बघून भाकरी मोडत होते.

मग पेंढ्या आल्या. वरची पेंढी बघून मी उभाच राहिलो. सोनेरी, सरळ, एक गाठ नाही, उन्हात चमकत होती. असा वाख मी पाहिला नव्हता. वास घेऊन बघायला हवा होता. पण आठ दिवसांच्या धुळीने माझं नाक बंद होतं. पेंढीवर थाप मारून मी म्हणालो, "बघा, नीट समजावून सांगितलं की असं होतं."

पेंढ्यांबरोबर धुरपताबाईही जीपमध्ये बसली. "माल माझा, मग निकालाला मी नको?" वीसही बायका वेशीपर्यंत आल्या. त्या दिवशी सकाळीच मुकादमाने त्यांची नावं पटावरून काढली होती.

लातूर

चाकूरला चहा घेऊन दुपारी लातुरात शिरलो. नवा जिल्हा म्हणजे घरात नवी सून आल्यासारखा थाट. ज्याला त्याला 'जिल्हा' लागलेलं: जिल्हा केश कर्तनालय, जिल्हा पान भांडार. पाट्यांचे रंग ताजे, कचेऱ्यांना खुर्च्या नाहीत, कचेरी आहे तिथे कागद नाहीत, कारण कागद अजून जुन्या जिल्ह्यात. एका चौकात कोनशिला उभी होती, तिच्या मागे इमारत नव्हती. "इमारत मंजूर हाय," वाघमारे म्हणाले. नळावर घागरींची रांग मात्र जुन्या जिल्ह्यातलीच होती. ती कोणी बदलली नव्हती.

मुस्तफाभाईंचा रबराचा कारखाना औद्योगिक वसाहतीच्या टोकाला. टायर दुरुस्ती करता करता त्यांनी रबर मळायची दोन रुळांची गिरणी आणि एक दाबयंत्र बसवलं होतं. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. नियमाप्रमाणे वाख आधी सोड्याच्या पाण्यात उकळून धुवायचा असतो. मुस्तफाभाईंनी हौद दाखवला; तळाला चिखल होता. "साब, टँकर कल आएगा. परसो भी आ सकता."

"काही बिघडत नाही," मी म्हणालो. "माल स्वच्छ आहे."

साहेब चार वाजता आले, तीन गाड्यांतून. मी पुन्हा व्याख्यान दिलं, या वेळी छोटं, आणि भिंतीचा चिखल नि भुसा हे उदाहरण माझंच म्हणून वापरलं. साहेबांना फार आवडलं. धुरपताबाई कोपऱ्यात उभी होती. तिने पदर सारखा केला, बस्स.

चमकत्या पेंढीचा वाख बारीक कापून रुळांवर टाकला. रबर मळलं गेलं, गंधक पडलं, पट्टी दाबयंत्रात गेली, शिजली, बाहेर आली, गार झाली. दिसायला झकास. मुस्तफाभाईंनी एक टोक पकडीत धरलं, दुसरं मी. ओढलं.

पट्टी मधोमध अशी सुटली की मी मागच्या टायरांवर जाऊन बसलो. फाटलेल्या जागी धाग्यांची टोकं अलगद बाहेर आलेली, एकालाही रबर चिकटलेलं नव्हतं. नुसत्या रबराची पट्टी याहून जास्त टिकली असती. मुस्तफाभाईंनी तुकडा नाकाशी नेला.

"साब, तेल है इसमें. खाने का."

सगळे धुरपताबाईकडे बघू लागले. तिने उरलेला वाख हातात घेतला, बोटांवर चोळला. "करडईचं तेल हाय. केसाला लावतो तसं लावलं. बिगर तेलाची लेक कुणी सासरी धाडतं का?"

तेव्हा मला ती कोरडी चटणी कळली.

साहेबांचा चेहरा कडक झाला. "हे तेल लावायचं नसतं?"

"नाही साहेब. तेल लागलं की रबर धाग्याला धरतच नाही."

"मग तुम्ही यांना तसं सांगितलं नव्हतं?"

त्या एका क्षणात मला लिंबाखालची माझी उपमा आठवली, तिने विचारलेला प्रश्न आठवला, 'अगदी तस्सेच' आठवलं, सोड्याच्या पाण्यात न धुतलेला वाख आठवला. मालकही आठवले, आणि मोरीएवढी प्रयोगशाळाही.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

वाघमाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रुळांकडे बघत राहिले. सगळ्या प्रवासात मी ज्यांची ज्यांची थट्टा केली, त्यांतल्या कोणीही इतकं खालचं काही केलं नव्हतं.

धुरपताबाईने हातातला वाख पेंढीवर ठेवला. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "हाव. सांगितलं व्हतं सायबांनी. धा डाव सांगितलं. मीच इसरले."

"इतकी साधी गोष्ट विसरता? यांच्या भरवशावर केंद्र कसं द्यायचं?" साहेब वाघमाऱ्यांना म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

"दुसरी पेंढी हाय की," धुरपताबाई पुढे आली. "तिला तेल न्हाई लावलं."

"का? तेव्हा आठवलं वाटतं?"

"न्हाई सायेब. तेल सरलं."

पहिल्यांदा मुस्तफाभाई हसले, मग गाडीवाले, शेवटी साहेबही. हसलेला साहेब अर्धा तास थांबतो, हे वाघमाऱ्यांना ठाऊक होतं; त्यांनी लगेच चहा मागवला. दुसरी पेंढी सोडली. राठ, फिकट, ठिकठिकाणी गुंतलेली, दिसायला गरीब. ती कापली, मळली, शिजवली. या वेळी ओढायला मुस्तफाभाई आणि त्यांचा धिप्पाड मेकॅनिक. पट्टी ताणली गेली नाही, ते दोघेच एकमेकांकडे ओढले गेले. साहेबांनी कोट काढून स्वतः ओढून बघितलं. मग त्यांच्या चालकाने. मग शेवटी धुरपताबाईने पट्टीचं एक टोक पायाखाली धरलं, दुसरं दोन्ही हातांनी वर खेचलं, आणि म्हणाली, "हं. धरलं."

केंद्र मंजूर झालं. साहेबांनी जागेवरच टिपण लिहवलं. 'महिलांच्या विस्मरणामुळे प्रथम चाचणी अयशस्वी', आणि खाली माझी सही घेतली. मी केली.

संध्याकाळी आम्ही तिला नांदेडच्या गाडीला बसवायला स्टँडवर गेलो. वाघमारे तिकीट काढायला गेले तेव्हा मी तिला विचारलं, "तुम्ही खोटं कामून बोललात?" 'कामून' म्हणजे 'का', हा शब्द मी तिच्याचकडून शिकलो होतो.

ती म्हणाली, "तुमी खोटे ठरले असते तर पुन्हा आमच्या गावाला तोंड दाखवलं असतं का? सायेब लोक रुसले की येत न्हाईत. माझं काय, मी इसरभोळी ठरले तरी उद्या तिथंच हाय."

"पण चूक माझी होती."

"ते मला म्हाईत हाय की," ती म्हणाली आणि गाडीत चढली. खिडकीतून तिने पुन्हा बाहेर बघितलं नाही.

ठाण्याला येऊन मी तीन पानी अहवाल दिला. मालक खूश झाले, प्रयोगशाळेला एक खिडकी पाडून दिली. परवा वाघमाऱ्यांचं पत्र आलं. केंद्र चालू आहे, वीसच्या वीस बायका कामावर आहेत, वाख वेळेवर निघतो. केंद्राच्या भिंतीवर सूचनांचा फलक लावला आहे. पहिली सूचना 'वाखास तेल लावू नये', आणि खाली सूचना देणारे तज्ज्ञ म्हणून माझं नाव, पदवीसकट, तेही साहेबांच्या हुकमावरून. धुरपताबाई प्रत्येक नव्या बाईला त्या फलकासमोर उभी करते आणि सांगते, की हे सायबांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. वाघमाऱ्यांनी याहून जास्त काही लिहिलेलं नाही. शेवटी एवढंच विचारलं आहे, की केंद्र बघायला कधी येता, बाई विचारत असतात.

पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही.